ट्रेडमार्क आपला, एक्स्टेंशन परक्याचे: हरकत घ्यावी का?

प्रश्न: सांगलीत आमचा मसाल्यांचा कारखाना आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. ब्रँडचे नाव ट्रेडमार्कच्या क्लास ३० मध्ये, म्हणजे मसाले ज्यात येतात त्या वर्गात, पंचवीसएक वर्षांपासून नोंदलेले आहे. नाव एकाच शब्दाचे आहे आणि तो शब्द मराठी-हिंदीत रोजच्या बोलण्यातला आहे. पाकिटावर तो देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत छापतो. पुण्यातल्या एका नातेवाइकाने सांगितले की इंटरनेटवरच्या पत्त्यांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या २०२६ च्या अर्जफेरीत एक परदेशी डोमेन कंपनी याच शब्दाच्या एक्स्टेंशनसाठी, म्हणजे डॉट कॉमसारख्या पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यासाठी, अर्ज करणार आहे. तसे झाले तर उद्या कोणीही 'मिरची डॉट आमचे नाव' घेऊन दुकान थाटेल. आमचे वकील म्हणतात, ट्रेडमार्क आपला आहे, हरकत लावू, पंचवीस लाख धरा. धाकटा भाऊ म्हणतो, त्यापेक्षा आपणच अर्ज करू. काय करावे? — स. ज., सांगली

स. ज. यांस सप्रेम नमस्कार.

आधी निर्णय सांगतो, कारणे मागाहून. हरकतीसाठी आज एक रुपयाही देऊ नका. अर्जांची यादी जाहीर होऊ द्या, समोरच्याचा अर्ज उघडा, त्याने एक्स्टेंशन कशासाठी मागितले आहे ते उत्तर वाचा आणि मग ठरवा. ट्रेडमार्क आपल्या नावावर आहे एवढ्या बळावर ही लढाई जिंकता येत नाही. तुमच्या वकिलांनी हीच बाजू धरली असेल तर त्यांना मागच्या फेरीचे निकाल वाचायला सांगा.

मागची फेरी २०१२ ची. त्या वेळी १,९३० अर्ज आले होते. ट्रेडमार्कधारकांसाठी जी हरकत असते तिला 'लीगल राइट्स' हरकत म्हणतात आणि ती जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे चालली. वायपोने अशा ६९ हरकती नोंदवून घेतल्या. त्यांतल्या मान्य झाल्या फक्त चार: डॉट डायरेक्ट, डॉट डेलमाँटे, डॉट वेईबो आणि त्याच वेईबोचे चिनी लिपीतले रूप.

हरलेल्यांत लहानसहान नावे नव्हती. अमेरिकेच्या टपाल खात्याने डॉट मेलच्या अर्जांना हरकत घेतली, फेटाळली गेली. पर्स-बॅगांच्या कोच कंपनीने डॉट कोचला घेतली, तीही फेटाळली. एक्सप्रेस या कपड्यांच्या ब्रँडचे डॉट एक्सप्रेसबाबत तेच झाले, पिंटरेस्टचे डॉट पिनबाबत तेच. या सगळ्यांकडे पक्के, जुने, जगभर नोंदलेले ट्रेडमार्क होते आणि त्याबद्दल निकाल देणाऱ्या तज्ज्ञांच्या पॅनेलला शंकाही नव्हती. पण कोच म्हणजे प्रशिक्षकही आणि बसही. तो शब्द त्याच्या साध्या अर्थाने कोणी वापरणार असेल तर एका कंपनीला तो अडवून धरता येत नाही, असे तज्ज्ञांनी ठरवले. तुमचा शब्द याच जातीचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता जिंकलेल्यांकडे बघा. डॉट डायरेक्टला हरकत घेतली होती डायरेक्टीव्ही या उपग्रह वाहिनी कंपनीने आणि अर्जदार होती डिश, म्हणजे बाजारातली तिची थेट प्रतिस्पर्धी. डॉट वेईबोत हरकत चीनच्या सिना या इंटरनेट कंपनीची होती आणि अर्ज तिथल्याच टेन्सेंट कंपनीचा, दोघांचाही धंदा एकच. डेलमाँटेत तर एकाच नावाच्या दोन कंपन्या होत्या आणि परवान्यांचे जुने धागे एकमेकांत गुंतलेले होते. तिन्ही ठिकाणी अर्जदार त्याच व्यवसायातला होता आणि ते नाव त्याच्या हातात गेले तर ग्राहक फसण्याची किंवा दुसऱ्याची पत लाटली जाण्याची खरी शक्यता होती. आणि पुढचे बघा: डॉट डायरेक्ट आज चालू आहे. कोणालाही नावे विकणाऱ्या एका सर्वसाधारण रजिस्ट्रीकडे, म्हणजे एक्स्टेंशन चालवणाऱ्या कंपनीकडे, ते गेले. शब्द तोच, डायरेक्टीव्हीचा ट्रेडमार्कही तोच. फरक मागणाऱ्यात आणि त्याच्या हेतूत होता.

नियमाची भाषाही तशीच आहे. पॅनेल तीन गोष्टी तपासते: अर्जदाराच्या संभाव्य वापरामुळे तुमच्या चिन्हाच्या वेगळेपणाचा किंवा नावलौकिकाचा गैरफायदा घेतला जातो का, त्या वेगळेपणाला विनाकारण धक्का बसतो का, किंवा ग्राहकाचा न खपण्याजोगा गोंधळ होतो का. या तिन्हींतली एक सिद्ध झाली तरी पुरते. त्यासाठी २०१२ च्या नियमपुस्तिकेत आठ कसोट्या दिल्या होत्या. नाव सारखे आहे का आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे मिळवून वापरता का, या पहिल्या दोन कसोट्यांवर तुम्ही आरामात पास व्हाल. तिसरीपासून खरी परीक्षा आहे: संबंधित ग्राहकवर्ग तो शब्द ऐकून तुमचा ब्रँड ओळखतो, की अर्जदाराचा, की तिसऱ्याच कोणाचा? अर्ज करताना त्याला तुमचा ब्रँड माहीत होता का? दुसऱ्यांची नावे बळकावण्याची त्याला सवय आहे का? त्याची खरोखर काही सेवा देण्याची तयारी दिसते का? त्याचे स्वतःचे काही हक्क आहेत का, तो त्या नावाने ओळखला जातो का? आणि शेवटी, ग्राहकाचा गोंधळ होईल का? पहिल्या दोन कसोट्यांवर पाने भरायची आणि उरलेल्या सहांवर दोन-दोन ओळी लिहायच्या, हे चालत नाही. हरकत टिकते की पडते ते या सहांवर ठरते.

आणखी एक ताकीद. हरकतीसाठी म्हणून घाईने ट्रेडमार्क घेऊ नका किंवा विकत आणू नका. डॉट होमच्या प्रकरणांत एका हरकतदाराने नुकतेच विकत घेतलेले हक्क पुढे केले होते. त्या हरकती टिकल्या नाहीत. तुमची जुनी नोंदणी त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तिचे नूतनीकरण वेळेवर झाले आहे ना आणि मालकाच्या रकान्यात आजही आजोबांचे नाव आहे की कंपनीचे, एवढे आजच तपासा. घराण्याच्या व्यवसायात हा रकाना हमखास मागे राहतो. हरकत घेणारा आणि नोंदणीचा मालक वेगळे निघाले तर पहिल्या पानावरच अडचण होते.

आता यादी जाहीर झाल्यावर करायचे काम. प्रत्येक अर्जाचा मोठा भाग आयकॅन सर्वांसाठी खुला ठेवते. २०१२ च्या अर्जात १८ वा प्रश्न होता: या एक्स्टेंशनचा उद्देश काय, त्याने लोकांना काय फायदा, नोंदणीचे नियम काय. नव्या अर्जात क्रमांक कोणताही असो, उद्देशाचे उत्तर शोधा आणि पेन्सिल घेऊन वाचा. 'सर्वांसाठी खुले, कोणत्याही विषयाला चालणारे, सोपे आणि लक्षात राहणारे नाव' असा सूर असेल तर ती साधी डोमेनविक्री आहे आणि तिथे तुमची हरकत बहुतेक कोसळेल. पण उत्तरात खाद्यपदार्थ, मसाले, पाककृती, भारतीय किराणा असे शब्द आले, किंवा अर्जदारामागे मसाल्यांच्या धंद्यातलीच कंपनी निघाली, तर चित्र पालटते. मग तुमचे प्रकरण डॉट डायरेक्टच्या जवळ जाते आणि वकिलांना बोलावण्यात अर्थ आहे.

एक बारकावा नव्या फेरीचा. अर्जदाराला मूळ शब्दाबरोबर एक पर्यायी शब्दही देऊन ठेवता येतो, आणि यादी निघाल्यावर ठरावीक मुदतीत तो मूळ शब्द सोडून पर्यायी घेऊ शकतो. म्हणजे पहिल्या दिवशी यादीत तुमचे नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि आहे म्हणून लगेच धावूही नका. शब्द पक्के झाल्याची यादी येईल ती धरा.

बाकीचे दरवाजेही सांगतो, कारण चुकीच्या दरवाजावर पैसे घालवणारे बरेच असतात. 'स्ट्रिंग कन्फ्यूजन' म्हणजे दोन एक्स्टेंशन एकमेकांसारखी दिसतात ही हरकत फक्त आधीपासून एक्स्टेंशन चालवणाऱ्याला किंवा त्याच फेरीतल्या दुसऱ्या अर्जदाराला घेता येते. तुम्ही दोन्ही नाही, तेव्हा तो दरवाजा बंद. त्यातले निकालही फार विसंगत लागले होते: डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीने डॉट कॅम मागणाऱ्या तिघांना सारखीच हरकत घेतली, तर एकाविरुद्ध ती मान्य झाली आणि दोघांविरुद्ध फेटाळली. तो एक निकाल २०१५ मध्ये फेरतपासणीत उलटला. 'लिमिटेड पब्लिक इंटरेस्ट' ही हरकत कोणीही घेऊ शकतो, पण ती हिंसेला चिथावणी, वंशभेद, बालकांचे शोषण अशा आंतरराष्ट्रीय कायद्याने निषिद्ध गोष्टींसाठी आहे. तुमचा धंदा बुडेल हे तिथे कारण होत नाही.

उरली 'कम्युनिटी' हरकत. ही एका कारखान्याची नसते. स्पष्ट ओळखता येणारा समुदाय हवा, त्याच्याशी जुना चालू संबंध असलेली प्रस्थापित संस्था हवी, त्या समुदायाचा ठळक विरोध दाखवता आला पाहिजे, शब्द त्याच समुदायाकडे बोट दाखवणारा हवा आणि त्याचे ठोस नुकसान होणार हेही सिद्ध करावे लागते. वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने डॉट आर्किटेक्टवर ही हरकत जिंकली. पोलो खेळाच्या अमेरिकी संघटनेने राल्फ लॉरेनसारख्या बड्या ब्रँडला डॉट पोलोवर हरवले. म्हणून एक सांगून ठेवतो: तुमच्या ब्रँडऐवजी उद्या 'हळद' किंवा 'बेदाणा' अशा शब्दासाठी अर्ज आला, तर उत्पादकांच्या संघटनेने एकत्र येऊन हा मार्ग बघावा. तुमच्या आजच्या प्रश्नाला मात्र तो लागू नाही.

सरकारचा मार्ग वेगळाच आहे. आयकॅनच्या शासकीय सल्लागार समितीत भारताचा प्रतिनिधी असतो आणि सदस्य देश एखाद्या अर्जाबद्दल 'अर्ली वॉर्निंग', म्हणजे आगाऊ इशारा, देऊ शकतो. २०१२ च्या फेरीत भारताने डॉट इंडियन्स आणि डॉट राम या अर्जांना विरोध नोंदवला. पहिला अर्ज रिलायन्सचा होता, दुसरा क्रायस्लर या मोटार कंपनीचा. जुलै २०१३ मधल्या डर्बनच्या बैठकीनंतरच्या निवेदनात भारताच्या त्या चिंतेची नोंद आहे. गावांच्या, प्रांतांच्या नावांना सरकारचे वजन सर्वांत जास्त. मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत आहे, म्हणून मुंबईच्या टाटा समूहाला आपल्याच नावाच्या एक्स्टेंशनसाठी तिथल्या सरकारच्या ना-हरकतीची वाट बघावी लागली. पण एका खासगी ब्रँडच्या शब्दासाठी सरकार उभे राहील अशी आशा धरू नका. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला पत्र लिहायला हरकत नाही, त्यावर विसंबू मात्र नका.

वाचून झाल्यावरही हरकत घ्यायचीच ठरली, तर कामाचे स्वरूप असे असते. पुढचे आकडे २०१२ च्या कार्यपद्धतीतले आहेत. नव्या पुस्तिकेतले आकडे आणि मुदती त्यांच्याशी ताडून घ्या. हरकत ई-मेलने, इंग्रजीत. मजकूर ५,००० शब्द किंवा २० पाने, यांत जे कमी भरेल ते, जोडपत्रे त्याबाहेर. मराठी-हिंदी पुरावा चालतो, पण त्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. तुमचा सगळा जुना पुरावा मराठीत असणार: वर्तमानपत्रातल्या जाहिराती, जत्रेतल्या स्टॉलची पावती, दुकानदारांची बिले. शेवटच्या आठवड्यात भाषांतरकार शोधू गेलात तर अर्धे बाहेर राहील. म्हणून ते काम आत्ताच काढा. दहा-बारा कागद निवडा, दरवर्षीचा एखादा, आणि त्यांचीच भाषांतरे करून घ्या. त्याबरोबर चार्टर्ड अकाउंटंटने प्रमाणित केलेली वर्षवार विक्री, कोणकोणत्या राज्यांत आणि देशांत माल जातो त्याची बिले आणि जाहिरातीवरचा खर्च. तिसऱ्या कसोटीला, म्हणजे ग्राहक तुम्हाला ओळखतो का या प्रश्नाला, हेच उत्तर आहे. वकिलाच्या विशेषणांनी ते सिद्ध होत नाही.

हरकत पोहोचली की संस्था १४ दिवसांत नुसती कागदोपत्री तपासणी करते. काही उणे निघाले तर दुरुस्तीला पाच दिवस मिळत. शुल्क दहा दिवसांत जमा झाले नाही तर हरकत तिथेच निकाली. बँकेतून परदेशी पैसे पाठवायला सांगलीहून किती दिवस लागतात, ते शाखेत आधी विचारून घ्या. पुढे अर्जदाराला उत्तराला ३० दिवस. त्याने उत्तरच दिले नाही तर हरकत मान्य झाली असे धरतात. पॅनेल बसल्यावर साधारण ४५ दिवसांत निकाल. मध्येच दोघांना बोलणी करायची असतील तर काम थांबवता येते, आणि आमच्या मते या टप्प्याचा उपयोग लोक फार कमी करतात.

खर्च असा: वायपोकडे एका तज्ज्ञासाठी एकूण १०,००० डॉलर, त्यांत २,००० प्रक्रिया शुल्क आणि ८,००० तज्ज्ञाचे. तीन तज्ज्ञ घेतले तर २३,०००. तज्ज्ञाचे पैसे दोन्ही बाजू आगाऊ भरतात आणि जिंकणाऱ्याला ते परत मिळतात. प्रक्रिया शुल्क परत येत नाही, वकिलाची फी तर नाहीच. नुकसानभरपाई हा प्रकार नाही. प्रत्येक अर्जाला स्वतंत्र हरकत आणि स्वतंत्र शुल्क. एकाच शब्दासाठी दोघांनी अर्ज केले, किंवा रोमन आणि देवनागरीत वेगवेगळे अर्ज आले, तर तेवढ्या वेळा पैसे. वेईबोची दोन प्रकरणे वेगळी मोजली गेली ती म्हणूनच. वकिलांचे पंचवीस लाख एका अर्जाचे आहेत की सगळ्यांचे, हे लेखी विचारा.

यापेक्षा स्वस्त असे दोन उपाय आधी करून बघा. पहिला, अर्जावर सार्वजनिक अभिप्राय नोंदवणे. त्याला शुल्क नाही आणि मूल्यमापन करणारे तो बघतात. मुद्देसूद लिहा: नोंदणी क्रमांक, क्लास, वापराची वर्षे, कोणत्या मालाच्या बाबतीत गोंधळ होईल. दुसरा, अर्जदाराला सभ्य पत्र. एक्स्टेंशन रोखायचा हट्ट न धरता मसाले, मिरची, हळद, तुमच्या उत्पादनांची नावे अशी काही डोमेन राखून ठेवा किंवा तुम्हाला द्या, एवढेच मागा. नव्या फेरीत अर्जदाराला स्वेच्छेने बंधने स्वीकारून ती करारात घालता येतात. लढाईपेक्षा दहा नावे राखणे त्याला परवडते, म्हणून असे पत्र वाया जात नाही.

आता धाकट्या भावाचा मुद्दा. अर्जाचे शुल्क २,२७,००० डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. अर्जाची खिडकी ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६. त्यानंतर तांत्रिक सेवा देणारी कंपनी, आयकॅनचे वार्षिक शुल्क (२०१२ च्या करारात ते २५,००० डॉलर होते) आणि दहा वर्षांचा करार. त्यात दुसराही अर्जदार असला तर प्रकरण आयकॅनच्या लिलावात जाऊ शकते. मागच्या फेरीत अर्जदार आपापसांत खासगी लिलाव करून मोकळे होत, हरणाऱ्याला त्यात पैसे मिळत. या वेळी आपापसांतल्या तडजोडीला बंदी आहे. मुंबईच्या डिरेक्टी समूहातल्या रॅडिक्सने २०१२ मध्ये ३१ अर्ज केले होते, पण नावे विकणे हाच त्यांचा धंदा. मसाल्याच्या कारखान्याला स्वतःचे एक्स्टेंशन घेऊन एक किलो चटणीही जास्त विकता येणार नाही. नुसत्या भीतीपोटी हा खर्च करू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तुमची खरी भीती एक्स्टेंशनची नाहीच, 'मिरची डॉट आमचे नाव' घेऊन बसणाऱ्या माणसाची आहे. त्यासाठी वेगळी आणि पुष्कळ स्वस्त साधने आहेत. ट्रेडमार्क क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे नव्या एक्स्टेंशनसाठी ट्रेडमार्कची नोंद ठेवणाऱ्या मध्यवर्ती यादीत, नोंदणी करा. २०१३ मध्ये ते सुरू झाले तेव्हा मूळ दर एका चिन्हाला वर्षाला १५० डॉलर होता. आजचा दर अर्ज करताना बघा. नोंदणी प्रमाणपत्र, वापराचे प्रतिज्ञापत्र आणि वापराचा एक नमुना, म्हणजे पाकिटाचा स्पष्ट फोटो, एवढे लागते. यामुळे प्रत्येक नव्या एक्स्टेंशनमध्ये सर्वांआधी, किमान ३० दिवसांच्या 'सनराइज' काळात, तुमचे नाव घेण्याचा हक्क मिळतो. विक्री सर्वांना खुली झाल्यावर निदान ९० दिवस तुमचेच नाव कोणी घेऊ लागला तर त्याला आधी इशारा जातो आणि घेतलेच तर तुम्हाला कळते. मर्यादा लक्षात ठेवा: हा इशारा हुबेहूब नावालाच चालतो, शब्दाला काही जोडले तर नाही. आणि टिंबाच्या उजवीकडे तुमचा शब्द असताना डावीकडच्या 'मिरची'वर क्लिअरिंगहाउसचा उपयोग होत नाही. तशा प्रकाराला यूडीआरपी तक्रार आहे, म्हणजे दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर डोमेन घेणाऱ्याविरुद्धची तक्रार. वायपोकडे एका तज्ज्ञासमोर पाच डोमेनपर्यंतचे शुल्क १,५०० डॉलर. त्यात डोमेन दुष्ट हेतूने घेतले आणि वापरले हे सिद्ध करावे लागते. नुसता दुकानाचा फोटो पुरत नाही, तुमच्यासारखे पाकीट, तुमच्या रंगसंगतीची नक्कल, चुकून तिकडे गेलेल्या ग्राहकाचा मेसेज असे हवे. आणि रजिस्ट्रीच स्वतः असल्या लुटीला खतपाणी घालते असे दिसले, तर तिच्याविरुद्ध एक्स्टेंशन चालू झाल्यावरच्या वादाची वेगळी कार्यपद्धती आहे.

या महिन्यात करायची कामे मग एवढीच उरतात: मालकाचा रकाना दुरुस्त करणे, पुराव्याची फाइल आणि भाषांतरे, क्लिअरिंगहाउसची नोंदणी. वकिलांशी बोलणे झाले तर त्यांना एकच विचारा: समोरचा अर्जदार मसाल्याच्या धंद्यातला नसेल, तर तिसऱ्यापासून आठव्या कसोटीपर्यंत आपण काय दाखवणार आहोत? त्याचे एका पानाचे लेखी उत्तर घ्या आणि यादी येईपर्यंत ते फाइलला लावून ठेवा.